नावाड्याचा मुलगा आणि आमचे भाऊजी

माझ्या ताईचा नवरा विमा कंपनीत सर्व्हेअर होता. म्हणजे कुणाचं दुकान जळलं, कुणाच्या गोदामात पाणी शिरलं, कुणाचा ट्रक खड्ड्यात गेला, की कंपनी भाऊजींना पाठवायची. भाऊजी जायचे, राख हुंगायचे, भिंतीच्या ओलीवरून बोट फिरवायचे, मालकाला एकच प्रश्न तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारायचे, आणि शेवटी कंपनीला कळवायचे की आग खरी आहे, पण आत जळाला म्हणतात तो माल आगीच्या आधीच बाहेर पडलेला आहे. अख्खी नोकरी त्यांनी अशी लोकांचं खोटं शोधण्यात काढली.

माणूस म्हणून ते वाईट नव्हते. कुणाच्या दवाखान्याला, कुणाच्या घर बदलण्याला सगळ्यांत आधी धावून जाणार ते हेच. पण समोरच्यानं तोंड उघडलं की तो काहीतरी लपवतोय असं धरूनच ते ऐकायला लागायचे. मी त्यांची मेहुणी. मला ते पहिल्यापासून 'धाकटी' म्हणतात, आता माझे केस पिकले तरी. मी साधं "बरी आहे" म्हटलं तरी ते माझ्याकडे असे बघायचे की मला वाटायचं, आपल्याला नक्की कुठंतरी दुखत असणार.

पुढं भाऊजी निवृत्त झाले आणि राख हुंगायला एक घरच तेवढं उरलं.

"दूध उतू गेलं," ताई म्हणायची.

"किती वाजता?"

"आत्ता."

"तू कुठं उभी होतीस?"

"खिडकीपाशी."

"खिडकीतून गॅस दिसतो."

"दिसतो हो. पण मी बाहेर बघत होते."

"बाहेर काय होतं?"

"काही नव्हतं."

"काहीच नव्हतं, मग बघत काय होतीस?"

हे सगळं ते आवाज न चढवता विचारायचे. भांडण असतं तर ताईनं भांडून घेतलं असतं, त्यात ती कुणाला ऐकणारी नाही. पण चौकशीशी भांडता येत नाही. शेवटी एका दुपारी ती माझ्या वाचनालयात आली, टेबलावर पिशवी आपटली आणि म्हणाली, "यांना घे तुझ्या त्या गोष्टींच्या गटात."

"भाऊजी गोष्टी वाचतील?"

"लोकांच्या जबान्या वाचून हयात गेली त्यांची. गोष्टीला काय होतंय?"

आमचा गट शनिवारी दुपारी वाचनालयाच्या माडीवर जमायचा. दर वेळी एक जुनी, नावाजलेली लघुकथा ठरवायची, आठवडाभरात ज्यानं त्यानं वाचायची आणि मग तिच्यावर बोलायचं. पाचसहा जण नेमानं यायचे. त्यातले एक प्राध्यापक, जन्मभर साहित्य शिकवलेले, हळू बोलणारे, समोरचा चुकला तरी त्याचं वाक्य पूर्ण होऊ देणारे. दुसरी कोपऱ्यावरची बेकरीवाली. ती येताना पाव आणायची आणि कुठल्याही कथेवर रडायची. विनोदी कथेवरसुद्धा. म्हणायची, "शेवटी संपतेच ना हो ती!"

भाऊजींना पटवायला मला फार वेळ लागला नाही. मी म्हटलं, "भाऊजी, यात पात्रांचे स्वभाव ओळखायचे असतात. लेखकाला नेमकं काय म्हणायचंय ते शोधून काढायचं असतं."

"शोधून?" त्यांनी चष्मा सारखा केला. "म्हणजे तो सरळ सांगत नाही?"

"सरळ सांगितलं तर मग गोष्ट कसली?"

"येतो," भाऊजी म्हणाले.

पहिल्या शनिवारी जी कथा होती, तिच्यात एका म्हाताऱ्या शिंपिणीच्या घराला आग लागते. ती धावत बाहेर येते ती दाराजवळची एक मोडकी छत्री हातात घेऊन. बाकी सगळं जळून जातं. पुढं ती लोकांच्या घरी राहते, पण छत्री कुणाला हात लावू देत नाही. प्राध्यापक म्हणाले, की छत्री म्हणजे तिचा गेलेला नवरा. डोक्यावरचं छत्र. मोडकं का असेना. बेकरीवालीनं रुमाल काढला.

भाऊजींनी घसा साफ केला. "मला एक विचारायचंय. आग लागली त्या दिवशी पाऊस होता का?"

सगळ्यांनी पानं चाळली. पाऊस नव्हता.

"मग छत्री दाराजवळ का?"

"तिची जागाच तिथं असेल," मी म्हटलं.

"असेल. पण दुसऱ्या पानावर ती खुंटीला आहे, आणि खुंटी आतल्या खोलीत आहे. म्हणजे आग लागण्याआधी कुणीतरी छत्री बाहेर काढून ठेवली. पुढं बघा. ज्वाळा दिसल्यावर बाई ओरडते कधी? अकरा ओळींनंतर. अकरा ओळी ती काय करतेय? तर तिला लहानपण आठवतंय." भाऊजींनी पुस्तक मिटलं. "घर पेटलंय आणि लहानपण आठवतंय. मी असल्या जबान्या खूप ऐकल्यात. माझ्या मते ही आग लावलेली आहे."

बेकरीवालीचा रुमाल डोळ्यांपाशी पोचला होता, तो तसाच खाली आला. प्राध्यापक अगदी मनापासून म्हणाले, "मग तुमच्या मते कथेचा आशय काय?"

"फसवणूक."

पुढचे कितीतरी शनिवार आशय फसवणूकच राहिला. दोन बहिणी एकच कोट आळीपाळीनं वापरतात अशी एक कथा होती. भाऊजी म्हणाले, मालकी हक्काचा वाद, आणि धाकटी बहीण खोटं बोलतेय. एका कथेत मुलाचं कुत्रं हरवतं आणि शेवटी परत येतं. भाऊजींनी विचारलं, तेच कुत्रं कशावरून? एका कथेत नायक शेवटच्या ओळीत मरतो, तर भाऊजींनी जाहीर केलं, की प्रेत कुणीही पाहिलेलं नाही. लेखकाला ते 'अर्जदार' म्हणायचे. "अर्जदार इथं मुद्दाम धुकं आणतो," ते म्हणायचे. "धुकं आलं की समजायचं, याला काहीतरी झाकायचंय."

लोक आधी वैतागले. मग त्यांना सवय झाली, आणि मग एखाद्या शनिवारी भाऊजी सर्दीमुळे आले नाहीत की माडी ओकीबोकी वाटायला लागली. फक्त बेकरीवाली मला जिन्यात गाठून म्हणाली, "अहो, तुमच्या भाऊजींना जरा सांगा ना. त्यांच्यापायी मला धड रडता येत नाही हो. डोळ्यांत पाणी येतं आणि तेवढ्यात वाटतं, ही बया खोटं तर बोलत नसेल?"

मग आली नावाड्याची कथा.

एक म्हातारा नावाडी आहे. नदीच्या या काठाहून त्या काठावर माणसं नेतो. प्रत्येक फेरीत तो उतारूंना आपल्या मुलाबद्दल सांगतो. मुलगा मोठ्या शहरात आहे, हुद्द्यावर आहे, येत्या महिन्यात येणार आहे. बस. काठ येतो, माणसं उतरतात, दुसरी चढतात, नावाडी पुन्हा सुरू. कथा एवढीच.

भाऊजी त्या दिवशी जिना चढून आले तेच विजयी मुद्रेनं. त्यांनी पुस्तकात कागदाचे कपटे घालून आणले होते.

"मुलगाच नाही!" त्यांनी बसायच्या आधीच सांगून टाकलं. "सकाळच्या फेरीत मुलाला नुकतीच मिसरूड फुटलीय. दुपारच्या फेरीत त्याची नोकरी जुनी झालीय. संध्याकाळी त्याचे दोन दात पडलेत, आणि ते कुठले? दुधाचे! हा मुलगा एका दिवसात मागं-पुढं वाढतोय. असा मुलगा नाही. कधीकाळी असेल, लहानपणी गेला असेल. पण आज नाही."

"अगदी बरोबर," प्राध्यापक म्हणाले.

भाऊजी क्षणभर गांगरले. आपलं म्हणणं कुणी इतक्या चटकन मान्य करायची त्यांना सवय नव्हती.

"मग? नावाडी खोटारडा. विषय संपला."

"हो, खोटं बोलतोय. पण का?"

"का म्हणजे?"

"तुमच्यासमोर जी माणसं खोटं बोलली, ती कशासाठी बोलली?"

"भरपाईसाठी. दुसरं काय?"

"हा नावाडी काय मागतोय?"

भाऊजींनी पुस्तक उघडलं. पहिल्या कपट्यापासून शेवटच्या कपट्यापर्यंत गेले. आम्ही वाट बघत होतो. बेकरीवालीनं पाव मोडला.

"काही मागत नाही," भाऊजी शेवटी म्हणाले.

"जास्त उतारू मिळावेत म्हणून?"

"नाही. नाव ही एकच आहे. लोक येणारच."

"लोकांनी कीव करावी म्हणून?"

"मुलगा हुद्द्यावर आहे म्हटल्यावर कीव कोण करेल?" भाऊजींचा आवाज खाली आला होता. "वेडा असेल."

"वेडा म्हणावं तर भोवऱ्यापाशी नाव बरोबर वळवतो. पाचव्या पानावर आहे बघा."

भाऊजींनी पाचवं पान बघितलं. नाव बरोबर वळवली होती.

"पुढच्या शनिवारी हीच कथा ठेवू," प्राध्यापक म्हणाले. "काही घाई नाही."

त्या आठवड्यात मला भाऊजींचे किती फोन आले! "धाकटे, नावाड्याला कुणी विचारतं का, की मुलगा कसा आहे?" नाही भाऊजी, कुणी विचारत नाही. "मग हा आपणहून का सांगतो?" पुन्हा तासाभरानं, "धाकटे, समज सवय असेल तर?" मी भाजी निवडता निवडता म्हणायची, असेल भाऊजी. "असेल म्हणू नकोस! असेल म्हणजे काय? फायदा नसताना माणूस खोटं बोलत असेल, तर मग मी इतकी वर्षं—" आणि फोन ठेवून द्यायचे.

आता इथं मला ताईबद्दल सांगायला हवं. गुरुवारी वाचनालयाला सुट्टी असते आणि मी घरी असते. गेले काही महिने ताई भाऊजींना सांगत होती, की गुरुवारी दुपारी मी धाकटीकडे जाते. आणि मला तिनं फोनवर सांगून ठेवलं होतं, "यांनी विचारलं तर तुझ्याकडे होते म्हण."

"आणि असतेस कुठं?"

"असते कुठंतरी."

आमची ताई कधी काही लपवणारी नव्हे. मला आधी गंमत वाटली, मग काळजी. कुठल्या डॉक्टरकडे तर जात नसेल? काही दुखणं तर झाकत नसेल? पण तिला उलटसुलट विचारायला माझी जीभ रेटेना. घरी तिला विचारणारा होता तेवढा पुरे होता.

नावाड्याच्या त्या दोन शनिवारांच्या मधला गुरुवार. दुपारी दाराची बेल वाजली. उघडते तर दारात एक भलंमोठं खोकं. खोक्याला खाली दोन पाय आणि वर भाऊजींचा चष्मा.

माझी गाळण उडाली. त्यांनी विचारायच्या आधीच मी बोलून बसले, "ताई ना? आत्ताच गेली. आत्ता हं, तुमच्यापुढं दोन मिनिटं. चहा घेतला आम्ही."

भाऊजींनी खोकं खाली ठेवलं, दम खाल्ला आणि माझ्या मागं टेबलाकडे बघितलं. टेबलावर एक कप होता.

"तिचा कप धुतला मी," मी म्हटलं.

"राहू दे धाकटे," भाऊजी म्हणाले. त्यांच्या आवाजात पकडल्याचा आनंद नव्हता. "ती इथं आली नव्हती. ती जिथं आहे, तिथूनच मी येतोय."

मी त्यांना बसवलं, पाणी दिलं. मग त्यांनी सांगितलं ते असं.

ताई माझ्याकडून परत आल्यावर माझ्याबद्दल एक शब्द बोलत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. दोन बहिणी दुपारभर भेटतात आणि घरी येऊन कागाळी नाही, हसणं नाही, "धाकटी वाळलीय" नाही, हे शक्य नाही. पुरावा भक्कम होता. म्हणून त्या दिवशी ते तिच्या मागोमाग निघाले. ताई बाजारातल्या मोठ्या फर्निचरच्या दुकानात शिरली. थोड्या वेळानं हेही शिरले.

आत खोट्या खोल्या मांडलेल्या. खोटी झोपायची खोली, खोटी बैठकीची खोली, खिडकीच्या जागी डोंगराचं चित्र, फडताळात पुठ्ठ्याची पुस्तकं. आणि त्या बैठकीच्या खोलीत, पाय वर उचलणारी एक आरामखुर्ची असते ना, तिच्यात ताई बसलेली. चपला काढून. पाय वर करून. हातात काही नाही.

"काय करत होती?" मी विचारलं.

"काही नाही."

"कुणाची वाट बघत होती?"

"नाही गं. मी कपाटाआडून बराच वेळ पाहिलं. दुकानातल्या एका पोरीनं पाणी आणून दिलं, ती हसली, पाणी प्यायली. परत तशीच. झोपली नव्हती. डोळे उघडे होते. धाकटे, मी लोकांचे चेहरे वाचणारा माणूस. तिच्या चेहऱ्यावर काहीसुद्धा नव्हतं. नुसती बसली होती. तिला असं बसलेलं मी आमच्या घरात कधी पाहिलं नाही."

एवढ्यात विक्रेत्यानं भाऊजींना कपाटाआड गाठलं. "साहेब, तीन दारांचं बघताय की चार?" भाऊजी दबक्या आवाजात म्हणाले, नुसतं बघतोय. पण तो तरुण कामाचा पक्का होता. घरात माणसं किती? भिंत केवढी? आधीच्या कपाटाला काय झालं? भाऊजी उत्तरं देऊन घामाघूम झाले. आवाज वाढला असता तर ताईनं वळून बघितलं असतं. शेवटी त्यानं विचारलं, "साहेब, घरात निर्णय कोण घेतं? आपण की मॅडम?" या प्रश्नाचं उत्तर भाऊजींना देता येईना. सुटका व्हावी म्हणून हाताला लागेल ती वस्तू त्यांनी घेऊन टाकली. ती निघाली चपला ठेवायची मांडणी.

"आता घरी काय सांगू?" ते खोक्याकडे बघत म्हणाले.

"सांगा, पाठलाग केला."

"ते नको." एकदम म्हणाले. "ते अजिबात नको. तिला कळलं तर ती पुन्हा तिथं जाणार नाही. मग बसणार कुठं?"

त्या क्षणी मला भाऊजी पहिल्यांदा मनापासून आवडले. पण अडचण मोठी होती. खोटं पकडण्यात ज्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, त्यांना साधं एक खोटं रचता येईना.

"सांगा, रस्त्यात दिसलं, आवडलं, घेतलं," मी म्हटलं.

"कुठल्या रस्त्यात?"

"बाजारातल्या."

"बाजारात मी कशाला गेलो होतो?"

"फिरायला, भाऊजी!"

"मी सकाळी फिरतो. दुपारी नाही. हे तिला माहीत आहे."

"मग म्हणा, मित्रानं दिलं."

"कुठल्या मित्रानं? त्याच्याकडे जास्तीचं का होतं? खोकं सीलबंद आहे, म्हणजे वापरलेलं नाही. न वापरलेली वस्तू माणूस का देतो?" भाऊजींनी कपाळाला हात लावला. "नाही टिकणार धाकटे. पहिल्या प्रश्नाला पडेल."

"पण ताई प्रश्न विचारते कुठं?"

ते थबकले. मग खोकं उचललं आणि गेले.

पुढचं मला ताईनं सांगितलं. ती घरी आली तेव्हा भाऊजी जमिनीवर बसून मांडणीचे स्क्रू पिळत होते. त्यांनी मान वर न करता एका दमात सांगितलं, "दुपारी चालायला गेलो होतो बाजारात हे दिसलं बरं वाटलं म्हणून आणलं." आणि कान लाल करून बसून राहिले. शेजारी रिकामं खोकं पडलं होतं. त्यावर दुकानाचं नाव हातभर अक्षरांत.

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"म्हटलं, बरं झालं. चपला दारात पसरतातच."

"बस?"

"बस. मग चहा टाकला."

तेव्हा कुठं मी तिला विचारलं, की बाई, तू त्या दुकानात करतेस तरी काय. ताई थोडी लाजली. म्हणाली, "अगं, एकदा पाय दुखला म्हणून टेकले होते. तिथं मला कुणी काही विचारत नाही. ती पोरगी फक्त विचारते, पाणी हवंय का मॅडम. मी हो म्हटलं तर आणते, नको म्हटलं तर विश्वास ठेवते."

शनिवारी माडीवर भाऊजी कपटे न घालताच पुस्तक घेऊन आले. प्राध्यापकांनी नावाड्याचा विषय काढला आणि सगळे भाऊजींकडे बघायला लागले.

"मुलगा नाही, हे माझं म्हणणं कायम आहे," भाऊजी म्हणाले. "पण मी चुकीच्या माणसाची चौकशी करत होतो. नावाडी खोटं का बोलतो ते सोपं आहे. मुलगा गेला म्हणाला असता तर लोक 'अरेरे' म्हणाले असते आणि काठ येईपर्यंत गप्प बसले असते. मग त्याला मुलाबद्दल बोलायला मिळालं नसतं. जिवंत ठेवलाय म्हणून बोलता येतं. मला अडलं होतं ते उतारूंपाशी. रोजची माणसं आहेत ती. मुलगा सकाळी मोठा, संध्याकाळी लहान, त्यांना कळत नसेल? मला एका वाचनात कळलं. पण अख्ख्या कथेत एकही उतारू त्याला विचारत नाही, की बाबा, हे कसं?" त्यांनी पुस्तकावर हात ठेवला. "त्या नावेत मी असतो, तर पहिल्याच फेरीत विचारलं असतं."

बेकरीवाली ढसाढसा रडली. इतक्या महिन्यांचं साठलेलं सगळं तिनं त्या दिवशी काढलं. भाऊजी इतके घाबरले, की त्यांनी आपल्या पुढ्यातला पाव तिच्याकडे सरकवला. तिनंच आणलेला.

प्राध्यापक मात्र मान हलवत होते. "मला नाही तसं वाटत. उतारूंचं नावाड्याकडे लक्षच नाही. चौथ्या पानावर बघा, एक जण टोपल्या सांभाळतोय, एक पाण्याकडे बघतोय, एकीला झोप लागलीय. ते समजून गप्प नाहीत. ते ऐकतच नाहीत. कथा त्यामुळेच जास्त करुण आहे."

"झोपलेली बाई हसते," भाऊजी म्हणाले. "झोपेत. मुलाचे दात पडल्याचं सांगतो तेव्हा."

"माणूस झोपेत कशालाही हसतो."

"पुरावा?"

"तुमच्याकडे आहे?"

दोघे हमरीतुमरीवर आले. चौथं पान इतक्यांदा उघडलं गेलं, की ते शिवणीतून सुटलं. ते मला नंतर चिकटवावं लागलं. शेवटी भाऊजींनी कधी नव्हे ते म्हटलं, "असू शकतं. तुम्ही म्हणता तेही असू शकतं." आणि घरी जाताना जिन्यात मला म्हणाले, "पण तसं नाहीये."

भाऊजी बदलले म्हणावं तर तसे फार बदलले नाहीत. दुकानदार तराजूवर बोट ठेवतो का, हे ते अजून बघतात. पण पुढच्या आठवड्यात त्यांनी ताईला सांगितलं, की आता गुरुवारी दुपारीसुद्धा ते वाचनालयात जात जाणार आहेत. जादा वाचन.

गुरुवारी वाचनालय बंद असतं, हे ताईला माहीत नसायचं कारणच नव्हतं. तिचं सगळं त्याच सुट्टीवर चाललं होतं. ती त्यांच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "जा ना. सावकाश या."

तेव्हापासून गुरुवारी दुपारी ताईला अख्खं घर मोकळं असतं. आणि भाऊजींना जायला कुठलीच जागा नसल्यामुळे ते माझ्याकडे येतात. पुस्तक काखेत, पाण्याची बाटली हातात. माझ्या सुट्टीचं मातेरं झालं, पण सांगते कुणाला? सुरुवातीला पुस्तक वाचण्याऐवजी माझ्याच घराची पाहणी करायचे. या भिंतीला ओल कधीपासून, तो पडदा एका बाजूनं का विटलाय, शेजारीण दोनदा डोकावून गेली ती कशाला. आता थोडे निवळलेत. सोफ्यावर बसतात, दोन पानं वाचतात, मला मोठ्यानं वाचून दाखवतात आणि विचारतात, "या सासूचं काय म्हणणं आहे, धाकटे? तुला काय वाटतं?" मी काहीतरी सांगते. ते ऐकून घेतात. मग पुस्तक छातीवर ठेवून घोरायला लागतात.

परवाच्या गुरुवारी ते असेच झोपले होते आणि फोन वाजला. मी लगबगीनं उचलला. ताई होती.

"हे कुठं आहेत गं?"

मी सोफ्याकडे बघितलं. "वाचनालयात."

"वाचतायत का?"

"खूप."

"बरं," ताई म्हणाली. "अजून दोन तास राहू दे. मी आत्ता कुठं टेकलेय."